बोलावणं नव्हे, नुसतं सांगणं

बायनाबाईचा राग सगळ्या बोडीटोल्याला ठाऊक होता. रोवणीच्या बायकांना दुपारी भाकर खायलाही बांधीबाहेर येऊ न देणाऱ्या एका मालकाच्या चिखलात धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या तशाच टाकून ती एकदा बाहेर आली होती, आणि तिच्या मागं कमरेचे ओचे सोडत सगळी रांग बाहेर आली होती. रस्त्याच्या कामाबद्दल गप्प बसलेल्या ग्रामसेवकाला तिनं भर सभेत विचारलं होतं, ‘‘तुमच्या तोंडात जीभ हाये का गोटा?’’ सिंदेवाहीच्या बाजारातले मिरचीवाले तिच्याशी तोलाची लबाडी करत नसत. बाईची उंची बेताची, आवाज मात्र तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर जाणारा.

असली ही बाई एका माणसापुढं मूग गिळून बसायची. तो माणूस म्हणजे वामनराव गुरुजी.

गुरुजी वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्यांच्यावर राग काढायला मी मोकळा. छप्पन साली चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, दीक्षेला गावातून ज्या बैलगाड्या निघाल्या, त्यांत पहिल्या गाडीत हा तरणा मास्तर होता. पुढं विहार बांधायला घेतला तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून विटा वाहिल्या. वस्तीतल्या निम्म्या पोरांना अक्षर त्यांनी दिलं. निवृत्तीनंतर बौद्ध मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं ते योग्यच होतं. पण चांगल्या माणसाला आपल्या चांगुलपणाची एकदा खात्री पटली, की तो दुसऱ्याचं ऐकायचं सोडून देतो. गुरुजींचं नेमकं तेच झालं होतं.

बायनाबाईच्या मुलाचं नाव झाडू. नावावरून हसू नका. त्याच्या आधीची दोन लेकरं हाताला लागली नव्हती, म्हणून हा जन्मला तेव्हा त्याच्या आजीनं त्याला सुपात घालून अंगणातल्या केरावर ठेवलं. केरातला म्हटल्यावर मरण याच्याकडं बघणार नाही, अशी झाडीपट्टीतली जुनी समजूत. दीक्षा घेतलेल्या घरात असलं काही करायचं नसतं हे म्हातारीला माहीत होतं, तरी तिनं गुपचूप केलं. पोरगा जगला आणि नाव चिकटलं. गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव घातलं, पण घरात, गुरांमागं आणि तलावावर तो झाडूच राहिला.

हा झाडू एकोणिसाव्या वर्षी गावात आलेल्या एका वृद्ध भंत्यांची प्रवचनं ऐकून त्यांच्यामागं जायला निघाला. भिक्खू व्हायचं तर आईबापाची परवानगी लागते. भंते अंगणात बसले, गुरुजी त्यांच्या शेजारी. झाडूचा बाप श्रावण मुलखाचा अबोल माणूस. तो म्हणाला, ‘‘त्याच्या मनात हाये तं जाऊ द्या.’’ बायनाबाईनं मात्र लगेच होकार दिला नाही. पदर खोचून ती उभीच राहिली.

‘‘मी त्याले अडवत नाई,’’ ती म्हणाली. ‘‘पन तो गेल्यावर घरची खबर त्याले कोन देईन? आन त्याची मले?’’

गुरुजींनी छातीवर हात ठेवला. ‘‘मी देईन, बाई. दर पौर्णिमेला गावाचं पत्र जाईल. हा माझा शब्द.’’

त्या शब्दावर तिनं मुलगा दिला. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा संताप तिथून उगवला आहे.

झाडूचा भंते विनयशील झाला. संघानं त्याला धम्मप्रचाराला नदीपलीकडं, तेलुगू मुलखाला लागून असलेल्या कागजनगरच्या बाजूला पाठवलं. आज या खेड्यात, चार महिन्यांनी त्या खेड्यात. दर पौर्णिमेला बोडीटोल्याच्या विहारात वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, की गुरुजी चष्मा पुसून, मांडीवर पाटी आणि पाटीवर कागद ठेवून बसत. लोक एकेक करून आपलं सांगत. गुरुजी लिहीत आणि शेवटी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. गावच्या लेकराचं गावानं मिळून लिहिलेलं पत्र! बाहेरगावचे पाहुणे याचं कौतुक करत. कौतुक करणाऱ्यांना एक दिसत नसे, की त्या रांगेत त्याची आईही उभी असे. चार घरांच्या मागं, आपला नंबर लागायची वाट बघत.

पहिल्याच पौर्णिमेला ती हरखून म्हणाली, ‘‘लिवा गुरुजी, कपिली व्याली. कालवड झाली. कपाळावर चांद हाये.’’

गुरुजी हसले. कागदावर त्यांचा पेन हलला नाही. ‘‘भंतेंना गाईचं काय, बाई?’’

‘‘काऊन? कपिलीले त्यानंच तं चारलं लहानपनी.’’

‘‘ते झाडूनं चारलं. भंते विनयशीलांना गाय नाही, घर नाही. त्यांना संसारात ओढू नका.’’ आणि त्यांनी वळणदार अक्षरांत लिहिलं, आणि मग वाचून दाखवलं, ‘‘उपासिका बायनाबाई यांचे कुटुंबीय कुशल मंगल आहेत.’’

पुढं चार वर्षं हेच. पावसात पडवीची भिंत बसली, कुशल मंगल. कांता म्हणजे झाडूची धाकटी बहीण, तिचं ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी ऐन वेळी मोडलं, पोरगी आठ दिवस अंथरुणावरून उठली नाही, कुशल मंगल. झाडूच्या मागं रोज तलावापर्यंत जाणारा म्हातारा कुत्रा मोत्या दारातच मेला. तेव्हा तर गुरुजींनी ‘‘बाई!’’ एवढंच म्हणून पुढच्या माणसाला बोलावलं. भंत्यांचं उत्तर मंडळाच्या नावानं येई, तेही विहारात वाचलं जाई. एकदा त्यात लिहिलेलं होतं, ‘गावाकडील वार्ता कळवीत जावी.’ बायनाबाईचे कान टवकारले. गुरुजींनी चष्म्यावरून सगळ्यांकडं बघत खुलासा केला, ‘‘वार्ता म्हणजे धम्मकार्याची वार्ता.’’

तुम्ही म्हणाल, कांता चौथी शिकलेली, मग तिनंच का नाही लिहिलं? लिहिलं असतं हो. पण पाठवणार कुठं? भंते कोणत्या गावी आहेत ते फक्त मंडळाच्या अध्यक्षाला कळे. कांतानं एकदा पत्ता मागितला, तर गुरुजी म्हणाले, ‘‘आज तू लिहिशील, उद्या सगळा गाव लिहील. मग भंतेंनी साधना कधी करायची?’’ पोरगी हिरमुसून परत आली. बायनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती आग तिथंच विझवून ती धान कांडायला बसली. मालकापुढं, ग्रामसेवकापुढं न दबणारी ही बाई इथं का दबत होती? कारण तिला वाटे, आपण अडाणी, हे शिकलेले. धम्माच्या गोष्टीत आपण तोंड घातलं आणि पोराच्या चिवराला डाग लागला तर? गुरुजींनी तिच्या भक्तीचंच कुलूप तिच्या तोंडाला लावून ठेवलं होतं.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात श्रावणानं अंथरूण धरलं. रोवणी संपता संपता त्याचे डोळे हळदीसारखे झाले, मग पोट फुगलं. सिंदेवाहीच्या डॉक्टरनं चंद्रपूरला न्यायला सांगितलं. तिथं मोठ्या दवाखान्यात काही दिवस ठेवून, पोटातलं पाणी काढून, त्यांनी सांगितलं, ‘‘घरी घेऊन जा. खाऊ वाटेल ते द्या.’’ याचा अर्थ सांगायला डॉक्टर लागत नाही.

श्रावणानं आयुष्यात कोणाकडं काही मागितलं नव्हतं. ताटात मीठ कमी असलं तरी तो तसंच जेवायचा. आता पडवीत बाजेवर पडल्या पडल्या त्यानं एकच गोष्ट धरली.

‘‘झाडूले मालूम हाये का?’’

सकाळी पेज पाजताना विचारी, सांजेला कूस बदलताना विचारी. बोलवा म्हणत नसे, येईल का म्हणत नसे. मालूम आहे का, एवढंच.

बायनाबाई गुरुजींच्या घरी गेली. तिनं सगळं सांगितलं. डोळे, पोट, डॉक्टर. गुरुजींनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा खरंच उतरला. श्रावण आणि ते एकाच गाडीनं दीक्षेला गेले होते.

‘‘फार वाईट झालं,’’ ते म्हणाले. ‘‘पण बाई, हा वर्षावास चालू आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूनं एका जागी राहायचं असतं. जागा सोडली की वर्षावास मोडला. ही खबर कळली तर भंते तिथं राहतील का? त्यांचं मन चळेल. तुम्हीच सांगा, आईनं मुलाचं व्रत मोडावं का?’’

‘‘मी त्याले या म्हनत नाई, गुरुजी. त्याच्या बापाले बरं नाई, एवढं तं लिवा.’’

‘‘एकच झालं ते.’’

‘‘एकच कसं झालं?’’

‘‘बाई, हे तुम्हाला नाही कळायचं.’’ ते उठून आत गेले. दारात त्यांची बायको कमलाबाई सूप घेऊन उभी होती. ती बायनाबाईकडं बघत राहिली.

भाद्रपदाची पौर्णिमा आली. विहार भरलेला. बायनाबाई श्रावणाला कांताच्या ताब्यात देऊन आली होती. सगळ्यांबरोबर हात जोडून तिनं पंचशील म्हटलं. मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. गुरुजींनी मोठ्यानं म्हटलं, तिनं त्यांच्यामागून म्हटलं. आणि घटकाभरात त्याच गुरुजींनी, त्याच बुद्धमूर्तीसमोर, पत्र वाचलं, ‘‘उपासिका बायनाबाई यांचे कुटुंबीय कुशल मंगल आहेत.’’

सगळ्या विहाराला माहीत होतं श्रावण कसा आहे ते. शेजारचे इस्तारी, उमाजी, पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या बाया, सगळ्यांना. एकानंही वर पाहिलं नाही. आणि बायनाबाईनंही ओठ उघडला नाही. सांगताना माझंच डोकं तापतं. अरे, एखादा तरी उठायचा! पण नाही. मेणबत्त्या विझवून सगळे चालते झाले.

ती घरी आली. श्रावणानं डोळे उघडले. ‘‘लिवलं का?’’

हो म्हणणं सोपं होतं. त्याच्या जिवाला तेवढंच बरं वाटलं असतं. पण आताच तर शील घेऊन आली होती. ती बाजेच्या कडेला बसली. ‘‘नाई लिवलं. गुरुजी म्हनते, त्याचं व्रत मोडन.’’

श्रावणानं नजर आढ्याला लावली. मग म्हणाला, ‘‘बोलवू नोको त्याले. पन अवं, बोलावनं अलग असते आन सांगनं अलग असते. त्याले मालूम तं झालं पायजे. मी गेल्यावर तो म्हनन, माह्या बापाले मी याद नाई आलो.’’

इतकं लांब वाक्य त्या माणसानं बायकोशी कधी बोललेलं नव्हतं. बोलून तो दमला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. बायनाबाईच्या पोटात चार वर्षं दाबलेला राग तेव्हा एकदाचा उभा राहिला. नवऱ्याला पाणी पाजून, चूल सारवून, तिनं ठरवलं. आपण जायचं. बोलवायला नव्हे. सांगायला.

पण कुठं? सकाळी श्रावणाला कांतावर सोपवून, गुरुजी शेताकडं गेल्याचं बघून ती त्यांच्या अंगणात गेली. कमलाबाई तांदूळ निवडत होती.

‘‘बाई, माह्या लेकाचं गाव सांगा.’’

कमलाबाईनं हात थांबवला नाही. खडे वेचत, सुपाशी बोलावं तसं ती म्हणाली, ‘‘कागजनगरले उतरलं का नंदीगुड्याची जीप भेटते म्हनते. तिथी आपल्या लोकायची वस्ती हाये, वस्तीत विहार हाये.’’ मग मान वर करून, ‘‘मी तांदूळ निवडून राह्यली. माह्या तोंडातून काई निंगालं असन तं मले ठाऊक नाई.’’

बायनाबाई त्याच पावली एसटीच्या थांब्यावर गेली. चंद्रपूरच्या पुढं ती कधी गेलेली नव्हती. चंद्रपूरला आगगाडीत बसली ती डब्याच्या दाराशी, खाली. बल्लारशानंतर बोली बदलली, पाट्यांवरची अक्षरं गोल झाली. कागजनगरला उतरून तिनं जीपवाल्याला गावाचं नाव सांगितलं, त्यानं तेलुगूत काही विचारलं. तिनं डोक्यावरून हात फिरवून मुंडण दाखवलं आणि अंगावरून चिवर पांघरल्यासारखं केलं. जीपवाल्यानं मान डोलवली आणि तिला पुढच्या सीटवर जागा दिली. त्या अनोळखी मुलखात कोणीही तिला, तुम्हाला नाही कळायचं, असं म्हटलं नाही.

नंदीगुड्याचा विहार म्हणजे कौलारू खोली आणि पुढं ओसरी. ओसरीवर दहा-बारा माणसं बसलेली, पलीकडं उंच आसनावर तिचा मुलगा. वाळलेला, डोक्याचा गोटा केलेला, डोळे मात्र तेच. त्यानं तिला ओळखलं. तो उठला नाही, उठायचा नियम नव्हता. एका उपासकानं तिला वंदनेची खूण केली. ज्याला तिनं सुपातून उचलून घेतलं होतं त्याच्यापुढं तिनं गुडघे टेकले आणि तीनदा कपाळ जमिनीला लावलं. त्यात तिला कमीपणा वाटला नाही. चिवराला वंदन करायचं असतं, ते तिला पटलेलं होतं.

‘‘सुखी भव,’’ भंते म्हणाले. आणि थांबून, ‘‘गावाकडं सर्व कुशल?’’

इतका वेळ वाटेत तिनं वाक्य जुळवून ठेवलं होतं. तुमच्या बापाले बरं नाई. पण तोंड उघडलं तर चार वर्षांचं साचलेलं आधी बाहेर आलं. ‘‘कपिली व्याली होती, भंतेजी. कालवड झाली. कपाळावर चांद हाये. आता तेही गाभन हाये. पडवीची भितं बसली. तुमचा मोत्या मेला, दारातच मेला. कांताचं जुळलं होतं, तुटलं. आंगनातल्या आंब्याले अवंदा पयल्यांदा फळ आलं...’’

उपासक चुळबुळले. एक जण म्हणाला, ‘‘बाई, भंतेंना हे...’’

भंत्यांनी हात वर केला. ‘‘बोलू द्या.’’

‘‘...आन तुमच्या बाबाले कावीळ झाली. पोटात पानी भरलं. चांद्याच्या डॉक्टरनं घरी पाठवलं.’’ तिनं दम घेतला. ‘‘मी बोलवाले नाई आली. तुमचा वर्षावास मले मोडाचा नाई. ते रोज इचारते, झाडूले मालूम हाये का. म्हनून सांगाले आली. आता सांगतलं. चालली मी.’’

ती खरंच उठली. भंते तिच्याआधी उठून उभे होते. कोपऱ्यातलं पात्र त्यांनी घेतलं, दोरीवरचं दुसरं चिवर खांद्यावर टाकलं. उपासकांना ते शांतपणे म्हणाले, ‘‘माझे वडील आजारी आहेत. मी सात दिवसांच्या आत परत येतो.’’

बायनाबाई घाबरली. ‘‘भंतेजी, वर्षावास...’’

‘‘मोडत नाही.’’ भंत्यांचा आवाज आतापर्यंत शुद्ध होता, तो इथं घसरला. ‘‘माय, आईबाप बिमार असले तं वर्षावासात बी जाता येते. सात दिवस. भगवंतानंच सांगून ठेवलं हाये, आईबापासाठी तं बोलावनं आलं नसलं तरी जावं म्हनून. पयल्याच वर्षी शिकवते आमाले हे. तू काऊन नाई कळवलं?’’

ती परत खाली बसली. बोलावणं आलं नसलं तरी. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी घरी असाच बाप बाजेवर पडला होता, आणि भगवंतांनी त्या घराचा विचार करून ठेवला होता. त्यांना जे सुचलं ते बोडीटोल्यातल्या एका मास्तराला का सुचू नये? तिनं जमिनीवर तळहात आपटला.

‘‘मंग हे त्या गुरुजीले ठाऊक नाई का?’’

भंते ओसरीच्या पायरीपर्यंत आले. त्यांनी जीप थांबवायला माणूस धाडला.

गाडी उशिरा होती, पुढची जोडगाडी चुकली, बल्लारशाच्या फलाटावर बसून राहावं लागलं. ते बोडीटोल्यात पोचले तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार कलली होती आणि अंगणात माणसं जमलेली होती. श्रावण पहाटेच गेला होता. कांतानं मयत उचलू दिलं नव्हतं. ‘‘माय आल्याबिगर हात लावाचा नाई,’’ म्हणत ती दारात आडवी बसली होती, आईच्याच आवाजात.

गुरुजी पुढं आले. त्यांनी मंडळाचा लाऊडस्पीकर आणवून ठेवला होता. भंत्यांना बघून ते चपापले, वाकले, आणि हात जोडून म्हणाले, ‘‘भंतेजी, आपण वर्षावास मोडून आलात? माझं न ऐकता बाईंनी...’’

‘‘मोडला नाही, गुरुजी,’’ भंते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी तो नियम सांगितला. न बोलावताही, सात दिवस, आईबापासाठी. अंगणातले सगळे गुरुजींकडं बघू लागले.

गुरुजींनी जोडलेले हात खाली घेतले. ‘‘हे... हे माझ्या वाचण्यात नव्हतं, भंते.’’

‘‘नव्हतं तर एक कार्ड टाकून विचारायचं होतं.’’

यापलीकडं भंते बोलले नाहीत. चिवर घातलेल्या माणसाला रागावण्याची सोय नसते. ते बापाच्या उशाशी बसले आणि त्यांनी सुत्तपठण सुरू केलं. मध्येच एकदा त्यांचा आवाज थांबला. श्रावणाच्या कानाशी वाकून ते हळूच म्हणाले, ‘‘बाबा, मालूम झालं मले.’’ हे फक्त बायनाबाईला ऐकू आलं.

ती त्या दिवशी गुरुजींना एक शब्द बोलली नाही. लोक वाट बघत होते, आता ही बाई गुरुजींची साल काढणार. श्रावणाच्या नावानं झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीतही ती गप्प राहिली. भंते घरात नव्हे, विहारात उतरले होते. मुदत संपायच्या आदल्या दिवशी ते नंदीगुड्याला परत निघाले. जाताना त्यांनी कांताच्या वहीत आपला पत्ता स्वतः लिहून दिला. आता विहारातल्या पत्राची बायनाबाईला गरजच उरली नव्हती.

तरीही आश्विन पौर्णिमेला ती गेली. वर्षावासाच्या समाप्तीचा दिवस, विहार गच्च भरलेला. वंदना झाली, पंचशील झालं. गुरुजी पाटी घेऊन बसले. ते महिन्याभरात खांद्यात वाकले होते, पण बसले. बायनाबाई रांगेत उभी राहिली नाही. ती सरळ पुढं जाऊन त्यांच्यासमोर बसली, शेजारी कांताला बसवलं. रांगेतली माणसं मागं सरकली.

तिनं तोंड उघडायच्या आत गुरुजींचा पेन चालू लागला. हाताला सवय झालेली.

कांता वाकून म्हणाली, ‘‘माय, त्यायनं कुशल मंगल लिवलं.’’

‘‘खोडा ते,’’ बायनाबाई म्हणाली.

गुरुजींनी खोडलं.

‘‘आता मी सांगते ते लिवा. उपासिका नाई, माय लिवा. माय सांगते का, चांदवाल्या कालवडीले गोऱ्हा झाला. कांता आता दोन घास खाऊन राह्यली. भितं अजून तशीच हाये, कार्तिकात बांधून घेऊ.’’ गुरुजी लिहीत होते. गाय, कालवड, भिंत, सगळं त्याच वळणदार अक्षरांत. ‘‘लिवा. तुह्या बापानं रोज इचारलं, झाडूले मालूम हाये का. तो मरेपर्यंत आमी त्याले हो म्हनू शकलो नाई.’’

गुरुजींचा पेन थोडा थांबून पुढं सरकला.

‘‘काऊन का, पुनवेच्या दिवशी इथीच बसून, शील घेतल्यावर, वामनराव गुरुजीनं कुशल मंगल लिवलं. आमी सारे आयकत होतो. कोनी काई बोललं नाई. मी बी नाई बोलली. लिवा.’’

इस्तारीनं मान खाली घातली. मागच्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. बायांच्या घोळक्यातून कमलाबाई मात्र नवऱ्याकडं एकटक बघत होती. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘‘बाई, माझं नाव...’’

‘‘तुमचंच नाव हाये ते. लिवा.’’

त्यांनी लिहिलं. कांतानं अक्षर न् अक्षर बघितलं आणि आईला मान डोलवून सांगितलं.

‘‘आता वाचा,’’ बायनाबाई म्हणाली. ‘‘आपला रिवाज हाये ना, सगळ्यायले वाचून दाखवाचा.’’

गुरुजी वाचू लागले. कालवडीपर्यंत आवाज ठीक होता. श्रावणाच्या वाक्यापाशी तो बसत गेला, आणि स्वतःच्या नावाशी आल्यावर नुसते ओठ हलले.

‘‘मांगच्यायले आयकू नाई आलं, गुरुजी.’’

त्यांनी कागद डोळ्यांजवळ घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.